नाही न म्हणणारे ठोंबरे सर

अर्जदार : वसंतराव ठोंबरे, मराठीचे निवृत्त प्राध्यापक, राहणार सिंदी (रेल्वे). गैरअर्जदार : त्यांचाच लॅपटॉप. साक्षीदार : तहसील कचेरीसमोरचा चहावाला शामराव आणि त्याच कचेरीसमोर लिंबाखाली बसणारा मी स्वतः, अर्जनवीस.

सदर ठोंबरे सर कोणालाही नाही म्हणत नाहीत, ही बाब प्रथम नमूद करतो. बाजारात भाजीवालीने "सर, वांगे देऊ का?" असे विचारले की सर "हो" म्हणतात. तिच्या शेजारणीने विचारले तरी "हो". एकदा काळीपिवळीवाल्याने "आंजीले येता का, सर?" असे सहज विचारले, तर सर आंजीला जाऊन आले. आंजीत त्यांचे काहीही काम नव्हते.

उभी नोकरी सरांनी गावोगाव हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हल्ली ते त्या लॅपटॉपात भरतात. सदर यंत्र ओव्या ताडून पाहते आणि तीच ओवी दुसऱ्यांदा आली की विचारते, 'ही ओवी आधीच नोंदलेली आहे. एकत्र करू का?' खाली 'होय' आणि 'नाही' अशी दोन बटणे. यंत्राने माणसास प्रश्न विचारावा, अशी तरतूद माझ्या तरी वाचनात नाही.

परवा सर कापडी पिशवीत लॅपटॉप घेऊन आले.

"लिहा भाऊ अर्ज. यानं मले हा प्रश्न विचारू नये."

"कोणाच्या नावे लिहू?"

"तेच तं तुमाले विचारून राह्यलो."

"कलेक्टर साहेबाले लिहा," शामराव म्हणाला. "त्याईच्याकडं सगळंच जाते."

कारणाशिवाय अर्ज होत नाही. मी कारण विचारले. ते असे : सरांच्या पत्नी कै. गिरजाबाई. त्यांची एक ओवी सरांनी आठवून यंत्रात लिहिली. तीच ओवी जाम गावच्या एका बाईच्या नावावर आधीच होती. यंत्राने विचारले, सर सवयीने 'होय' म्हणाले. ओवी जामच्या बाईकडे गेली, आणि गिरजाबाईंचे नाव शोधले तर पडद्यावर उत्तर आले, 'या नावाची गायिका सापडली नाही.' सरांनी पुन्हा लिहिले. यंत्राने पुन्हा विचारले. सर पुन्हा 'होय' म्हणाले.

सरांनी लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ती ओवी आणखी एकदा लिहिली आणि तोच प्रश्न पडद्यावर आला. माझा गोंधळ वाढला. "मंग 'नाही' दाबा ना, सर. बटन तं समोरच हाये."

सरांनी बोट बटणापर्यंत नेले आणि परत घेतले.

"तिनं मले कितीदा विचारलं, भाऊ. माह्या ओव्या घेता का म्हणे. मी नाई म्हणत गेलो. घरच्या बाईच्या ओव्या संशोधनात चालत नाई, म्हटलं. मंग ती गेली. तवापासून कोणी काई विचारलं का तोंडातून नाई निघतच नाई."

शामरावाने गाळणी खाली ठेवली. मला कोणतेही कलम आठवेना.

"मी दाबू का, सर?" मी विचारले.

विचारल्यावर सर काय म्हणणार. "हो," ते म्हणाले आणि कचेरीच्या पाटीकडे पाहत राहिले.

मी 'नाही' दाबले. मग सरांनी शोधायच्या रकान्यात स्वतः एकेक अक्षर हुडकून पत्नीचे नाव लिहिले. पडद्यावर आले, 'एक गायिका सापडली. गाव : सिंदी.' सरांनी शर्टाचे वरचे बटण लावले आणि खुर्ची पुढे ओढली.

"सर, चहा देऊ?" शामरावाने विचारले.

सर हो म्हणाले नाहीत. त्यांना ऐकूच गेले नव्हते.

आता अडचण माझी आहे. अर्ज अर्धा लिहून पडला आहे, तो कोणत्या कार्यालयात द्यावा हे कोणी सांगत नाही, आणि अर्जदाराचे मुखत्यारपत्र नसताना मी त्यांच्या यंत्रावर 'नाही' दाबून बसलो आहे. तरी हे 'नाही' सरांचे धरावे की माझे, याबाबत जाणकार वाचकांनी लेखी खुलासा करावा, ही नम्र विनंती.