गाढवपाठीवरील तसबिरीची मोहीम

वाटसरूंचा राखणदार संत निकोला यासी स्मरोन स्तामेनाबाई, झाप्रियान इंजिनवाल्याची थोरली बहीण, इणे जैसे घडले तैसे लिहिले. यात कमीजास्त करणाराची गय होणार नाही.

रोडोपे डोंगरी गाढवपाठ म्हणोन रुळांचा मुलूख. रूळ चढतात आणि खळग्यात बुडतात आणि पुन्हा चढतात. गाडी टेकाडावर दोन पापण्या लवेतो दिसते, मग गडप. तेथे आमचे यजमान राजश्री वेलिचको, सेवानिवृत्त स्टेशनमास्तर, यांणी तीन वर्षे कॅमेऱ्यानिशी मोर्चे लाविले आणि दर खेपेस शिकस्त खादली. सबब ऐसी की, हयातभर प्रत्येक गाडीस ताठ उभे राहोन हिरवी तबकडी दाखविली; आता तबकडी नसली तरी गाडी येताच हात कॅमेरा सोडोन आपसूक वर जातो. मग तसबीर निघते ती रिकाम्या रुळांची.

त्या रविवारी निकड आली. बंधू झाप्रियान, लाल इंजिनाचे सरनौबत, यांची अखेरची फेरी. आणि गाडी हाकताना त्यांची एकही तसबीर जगात नाही. मग न्याहारीस चीज भरली बानित्सा फडक्यात बांधोन, कॅमेऱ्याची तिपाई यजमानांचे खांद्यावर देवोन आम्ही जातीने कूच केले आणि टेकाडी पोहोचोन फर्मान सोडिले की, हात खिशात घालावे.

"मग बटण कशानं दाबू गं? नाकानं?"

"तीन वर्षं हातानं काय दिवे लावलेत, टेसनमास्तर?"

इतक्यात शिट्टी जाहली आणि लाल इंजिन गाढवपाठीवर चढले. यजमान ताठ. हात वर. "अहो, बटण!" ऐसी आरोळी दिधली, परंतु वीर ढळेना, डोळ्यांत पाणी, हात आभाळी. मग त्यांसी ढुशी देवोन, जन्मात प्रथमच त्या यंत्रास बोट लावोन, आम्ही दाबिले.

तसबिरीत इंजिन माथ्यावर, डबे खळग्यात उतरताहेत, खिडकीत झाप्रियान टोपीस हात लावोन. आणि कडेस यजमानांचे भले थोरले कोपर.

"कोपरानं नासली की गं!"

"नासली कसली? कोपर नसतं तर त्यानं सलाम कुणाला ठोकला, ते कळलं असतं का?"

सायंकाळी बंधू स्वयंपाकघरी आले आणि तसबीर घेवोन बैसले. राकियाचा प्याला तैसाच राहिला.

"ताई, जाताना माझी गाडी अशी दिसते होय? एकतीस वर्षं आत बसलो, कुणी सांगितलंच नाही मला."

येणेप्रमाणे गाढवपाठ फत्ते जाहली. तसबीर चुलीवरील भिंतीस, कोपरासह, कायम लागली ऐसे जाणिजे.