हमीद सरांचा पहिला रस्ता

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातला कॉम्प्युटर दिवसातून वीसेक वेळा फ्लॉपीच्या रिकाम्या खाचेत करकरायचा. मग पडद्यावर पाटी यायची की आत फ्लॉपी नाही. हमीद सर ती पाटी पहिल्यांदाच पाहिल्यासारखी वाचायचे, "बरं, आज नाई तं नाई," असं तिला अदबीनं सांगायचे आणि 'रद्द'चं बटण दाबायचे. मी तिथली ग्रंथपाल. त्या करकरीनं माझं डोकं उठायचं.

सर वनस्पतिशास्त्राचे, पन्नाशीचे, बिनलग्नाचे. पांढरकवड्यात बाकीचे लोक सरळ टाइप करून छापत. सर मात्र ईमॅक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये लिहीत आणि लाटेक नावाच्या प्रणालीकडून पानं जुळवून घेत. त्यातलं मला समजलं ते एवढंच: मजकुरात संदर्भाची नुसती खूण टाकायची, आणि लेखकांची, पुस्तकांची यादी वेगळ्या फाइलीत ठेवायची. ती फाइल कुठं कुठं आणि कोणत्या क्रमानं शोधायची, हे मशीनला आधीच सांगून ठेवावं लागतं. पहिल्या जागी सापडली की ते पुढं जात नाही. नाही सापडली तर दुसरी जागा. ह्याला सर रस्ता म्हणत. "मशीन लय हुशार रायते, बाई. पण त्याले रस्ता सांगा लागते."

हे खूळ घरीदारी सगळीकडं चाले. पुतण्याच्या निकाहाची पत्रिका त्यांनी स्वतः जुळवली, तीही संदर्भांसकट! मुलीच्या वडिलांच्या नावापुढं कंसात दोनचा आकडा, आणि खुलासा मागच्या पानावर. लोकांनी मागचं पान पाहिलंच नाही. घरटी दोनच माणसं बोलावली असं समजून निम्मी आळी रुसली, आणि सर पुढचे आठ दिवस दारोदार मागचं पान दाखवत फिरले.

त्यांचा प्रबंध जुन्या देशी कापसावर होता. त्या वर्षांत आमच्याकडं कापसाचं नाव निघालं की अळी, पडलेला भाव आणि पाहणीला गावात शिरणाऱ्या साहेबांच्या जीपा, एवढंच बोलणं व्हायचं. सर मात्र म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरायचे, तुमच्या लहानपणी सरकी बियाण्याला कशी ठेवायचे म्हणून. सोबत इतिहासाच्या सिंधू राठोड मॅडम असत. त्या बंजारा तांड्यातल्या, त्यामुळं म्हाताऱ्या त्यांच्याशी गोरबोलीत मोकळ्या बोलत. रविवारी मॅडम घरी बसून सगळ्यांची नावं संदर्भांच्या फाइलीत टिपत आणि सोमवारी ती फ्लॉपीवर घेऊन येत. सरांच्या मशीनचा पहिला रस्ता त्या फ्लॉपीचा. सोमवारी सरांचा शर्ट इस्त्रीचा असायचा. मला दिसत होतं सगळं. पण आपण कायले बोला?

मग सरांनी घोळ केला. सरकी राखेत घोळून ठेवायची रीत त्यांना मॅडमच्या आईनं, सोनाबाईंनी, सांगितली होती. पण मार्गदर्शक म्हणाले, न शिकलेल्या बाईचं नाव संदर्भात शोभत नाही. सरांनी घाबरून तिथं 'अज्ञात' घातलं. ते छापलेलं पान मॅडमनी माझ्या टेबलाशी उभं राहून वाचलं.

"सर, माह्यी याडी अज्ञात आहे का? तिच्या हातचा चहा पेले ना तुमी?"

त्यांनी मशीनमधून फ्लॉपी काढली, पर्समध्ये टाकली आणि गेल्या. जूनमध्ये त्यांची बदली उमरखेडला झाली. फ्लॉपी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच ती करकर सुरू झाली होती.

तीन वर्षं हेच चाललं. प्रबंध लिहून तयार, पण सर जमा करीनात. शेवटी विद्यापीठानं कळवलं की ही अखेरची मुदत, नंतर नोंदणी रद्द. सात वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. माझा संताप झाला. एका शुक्रवारी सर नमाजला गेलेले पाहून मी त्यांच्या रस्त्यांतला पहिला, फ्लॉपीचा, पुसून टाकला. मशीन गुमान चाललं.

सर परत आले, बटण दाबलं, आणि करकर न होता पानं समोर आली. त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, तुमी रस्ता काढला?"

मी तडातडा बोलले. नसलेल्या फ्लॉपीत काय शोधून राह्यले म्हणाले, वेड लागलं का म्हणाले. सरांनी रस्ता पुन्हा होता तिथंच लिहिला आणि मग सावकाश सांगितलं, "पहिले तिच्या जागी पाह्यलं पाह्यजे. ती आली, तं तिनं लिवलं तेच मशीन छापन. माह्यं नाई."

मी म्हटलं, तिचं म्हणणं तर आईच्या नावाचंच होतं ना, मग ते नाव तुम्हीच घाला आणि मोकळे व्हा. सरांनी मशीनमधली आपली फाइल उघडली. सोनाबाई राठोड. नाव, तांडा, सांगितल्याची तारीख, सगळं जागच्या जागी.

"हे कवा केलं?"

"ती गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मंग तीन वर्षं थांबले कायले?"

सर पडद्याकडंच पाहत होते. "नावासाठी थांबलो असतो तं कवाचाच जमा केला असता, बाई. सोमवार आला का वाटते, आज येईन ती."

मी विद्यापीठाचं पत्र त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी सोनाबाईंच्या नावासकट प्रबंध जमा झाला. बांधणीवाल्याकडून मी एक प्रत जास्तीची करून घेतली आणि सरांना न विचारता उमरखेडला मॅडमच्या नावानं पाठवून दिली. पोस्टातून येऊन सांगितलं तेव्हा वाटलं, आता हे रागावतील. सर रागावले नाहीत. किती दिवसांत पोचेल हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढून पुसत म्हणाले,

"बाई, पहिलं कोणतं पान उघडन ती?"