'विलीन' ऐवजी

शेवळी ग्रामपंचायत करंबट ग्रामपंचायतीत विलीन होईल, असा आदेश सोमवारी लागू झाला आणि मंगळवारी सकाळपासून शेवळी बेट विरघळू लागलं. बेट आज्ञाधारक होतं, त्याच्याबद्दल पूर्वीही कधी तक्रार नव्हती. दोन्ही बेटांचा ग्रामसेवक मीच, त्यामुळे पंचनामा मी केला. पहिल्या आठवड्यात मासळी सुकवायची जागा गेली, दुसऱ्या आठवड्यात शाळेचं मैदान.

तालुक्याच्या साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "काम अपेक्षेपेक्षा वेगात चाललंय. लोकांना करंबटला हलवा."

लोक हलले. सरपंच सुगंधाबाई चोगले हलल्या नाहीत. तीस वर्षांपूर्वी त्या करंबटहूनच लग्न होऊन शेवळीत आल्या होत्या. पाणी त्यांच्या तुळशीपासून दहा पावलांवर आलं तेव्हा मी गेलो. आदेशाचा मसुदा माझ्या हातचा. 'विलीन' शब्द मला भारदस्त वाटला होता. हौस दांडगी!

"भाऊसाहेब, दुसरा शब्द नाय का?" त्यांनी विचारलं.

"'समाविष्ट' आहे. पण मग शेवळी करंबटच्या पोटात जाईल. चहूबाजूंनी माड, होडी लावणार कुठे? 'संलग्न' केलं तर मधली खाडी जाते."

"मी करंबटच्या पाटलांची. हय येऊन चोगले झाले, रेशनकार्डावर नाव बदललं. म्हणून विरघळले का? नांदले. तोच शब्द घाला."

"तो कार्यालयीन नाही, बाई."

"आणि विलीन? ते तर माणूस मेल्यावर पेपरात छापतात."

मी त्यांच्या ओटीवर बसूनच शुद्धिपत्रक लिहिलं: 'ओळ चारमधील "विलीन होईल" याऐवजी "नांदेल" असे वाचावे.' साहेबांनी ते न वाचता सही केली.

पाणी तुळशीपाशी थांबलं. गेलेलं मैदान काही परत आलं नाही. दुपारच्या जेवणानंतर बेट सरकत सरकत करंबटशेजारी येऊन उभं राहिलं, मधे होडीपुरती खाडी ठेवून. लोक आपापल्या घरी परतले.

श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, शेवळी जागेवर नव्हतं. साहेबांनी खुलासा मागितला. मी सुगंधाबाईंना फोन लावला. पलीकडे नुसता वारा.

"माहेराला आलंय," त्या म्हणाल्या. "भर दर्यात. आम्ही सगली हावोत त्याच्यावर. आठ दिवस तरी राहू द्या, भाऊसाहेब. माझं माहेर खाडीपलीकडं, पण तीस वर्षांत मला कोणी सलग आठ दिवस पाठवलं नाय."

मी खुलासा तसाच दिला. साहेबांना तो पटला. त्यांनी एवढंच विचारलं, की आणायला कोण जाणार. रीतीप्रमाणे सासरचं माणूस जातं, म्हणून करंबटच्या सरपंचांनी आठ दिवसांनी होडी घेऊन जावं, असा आदेश निघाला. पाठवण्याआधी मी तो दोनदा वाचला. मग शुद्धिपत्रक काढलं: 'आठ' याऐवजी 'पंधरा' असे वाचावे.