कोर्टात नाडी बघतात

मुलांनो, क्षणभर असं धरून चला की तुम्ही एका लांब व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर बसला आहात. समोर उंच दार आहे आणि दारामागे कोर्ट. शेजारी पुष्कळ माणसं बसली आहेत, आणि आज आपलं काही खरं नाही, असं प्रत्येकाला वाटतंय. बसलात? आता हलू नका. भिंगरीलाही त्या दिवशी हेच सांगितलं होतं.

शाळेत नळ फुटून वर्गात पाणी शिरलं होतं, म्हणून तिला सुट्टी होती. बाबा रात्रपाळी करून घरी झोपले होते. तेव्हा आईने तिला कामावर आणलं.

"टोकाला बसायचं. चुळबुळ नाही, प्रश्न नाहीत," आई म्हणाली. "आज माझी परीक्षा आहे."

खरंच होती. आपल्या देशात आई इस्पितळात नर्स होती. अपघात विभागाच्या दारात उभी राहून, आलेल्यांपैकी कोणाला आधी आत न्यायचं हे ती एका नजरेत ठरवायची. या नव्या देशात आल्यावर कळलं की तिचं शिक्षण इथे धरत नाहीत. सगळं पहिल्यापासून शिकावं लागणार होतं. मग तिने कोर्टातली नोकरी धरली. ज्याची पाळी येईल त्याच्या नावाचा पुकारा करायचा आणि त्याला आत सोडायचं, एवढंच काम. तिच्या उमेदवारीचा आज शेवटचा दिवस होता. ठेवायची की नाही ते संध्याकाळी हेडक्लार्क ठरवणार होते. नाही ठेवली, तर पुन्हा दुसरं गाव आणि भिंगरीला पुन्हा नवी शाळा. या शाळेत तिला आत्ता कुठे एक मैत्रीण मिळाली होती.

हेडक्लार्क माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांचा क्रमावर फार जीव होता.

"बाई, कोण रडतंय, कोण पडतंय, ते आपण बघायचं नाही," ते सकाळी म्हणाले. "क्रम बघायचा."

"नाही बघत, साहेब."

"बघता. तुम्हाला बघताना मी बघतो ना."

पहिली पाळी एका लठ्ठ दुकानदाराची होती. तो मजेत पाय हलवत बसला होता. पण बाकाच्या मध्यावर एक आजीबाई होत्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, कपाळावर घाम होता आणि हात छातीशी होता. आईने नजर वळवून छताकडे नेली, मग भिंतीकडे. पण इतक्या वर्षांची सवय डोळ्यांत थोडीच असते? ती पायांत असते. पाय आजीबाईंपाशी जाऊन उभे राहिले.

"चला आजी, तुम्ही आधी."

आजींना झालं काहीच नव्हतं. त्या फक्त घाबरल्या होत्या. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी त्यांनी तोडली होती आणि शेजाऱ्याने खटला भरला होता.

"तक्रार करणारे कुठे आहेत?" आत न्यायाधीशबाईंनी विचारलं.

तक्रार करणारे बाहेर बूट काढून पाय मोकळे करत होते. आपल्या पाळीला पुष्कळ वेळ आहे, असं त्यांनी धरलं होतं. ते एका पायात बूट आणि एक बूट हातात अशा थाटात आत धावले.

दुकानदाराचे पाय हलायचे थांबले. "पहिला मी होतो ना, हो?"

"आजींना बरं वाटत नव्हतं," आई हळूच म्हणाली.

"असं होय," दुकानदार म्हणाला, आणि लगेच त्यालाही बरं वाटेनासं झालं. तो कण्हू लागला. पलीकडे घराच्या वाटणीवरून भांडणारे दोन भाऊ बसले होते. धाकट्याने पोट धरलं.

"ह्याला पोटात दुखतंय ना, मग माझं डोकं दुखतंय," थोरला म्हणाला. "लहानपणापासून ह्याचं असंच. पुढे पुढे करायचं."

बघता बघता सगळा बाक कण्हू लागला. दारामागे काम चाललेलं, आणि बाहेर असा गलका. सगळी सोंगं आहेत हे तिला दिसत होतं. पण सोंग कसं थांबवतात तेही तिला ठाऊक होतं. तिने दुकानदाराचं मनगट धरलं.

"नाडी ठणठणीत आहे तुमची. गप्प बसा."

तो गप्प बसला. मग तिने धाकट्याची नाडी बघितली, मग थोरल्याची. कण्हणं थांबलं. आईने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि इथेच सगळं हातचं गेलं.

कारण जिन्यावरून आणखी माणसं वर येत होती. त्यांना मागचं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की कोर्टाच्या गणवेशातली बाई ओळीने सगळ्यांच्या नाड्या बघते आहे. त्यांनी मुकाट्याने बाह्या वर केल्या आणि रांग लावली.

"वकीलसाहेब, हे काय नवीन?" एकाने विचारलं.

वकिलांनाही माहीत नव्हतं. पण पक्षकारापुढे तसं कसं म्हणणार? "मागच्या आठवड्यापासून सुरू झालंय. सांगणारच होतो तुम्हाला," असं म्हणून त्यांनी काळ्या डगल्याची स्वतःचीही बाही वर सारली.

"अहो, तसं काही नाहीये," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "खाली करा बाह्या."

"आमची राहिली ना अजून. त्यांची बघितलीत की."

वकिलांची पाळी आली तेव्हा ते आत जाऊन ताठ उभे राहिले. "मॅडम, आमची हरकत आहे. समोरच्या पक्षाची नाडी बघितली, आमच्या पक्षकाराची राहिली."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "कसली नाडी?"

त्या स्वतः उठून बाहेर आल्या, तेव्हा व्हरांड्यातला प्रत्येक माणूस उघडा हात पुढे करून उभा होता. फक्त टोकाला एक मुलगी हाताची घडी घालून बसली होती.

"काय चाललंय इथे?" त्यांनी तिलाच विचारलं.

"मला प्रश्न विचारायला बंदी आहे," भिंगरी म्हणाली. "उत्तरांचं आई काही बोलली नाही."

मग आईनेच सगळं सांगितलं. अगदी आजींच्या ओठांपासून.

"म्हणजे आज माझ्यापुढे क्रमाने कोण आलं?"

"कोणीच नाही, मॅडम," आई म्हणाली. हेडक्लार्कनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी ते दोघींना जिन्याने खाली घेऊन गेले. तळघरात जुन्या खटल्यांच्या गठ्ठ्यांची खोली होती. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर गठ्ठे, आणि गठ्ठ्यांवर बोटभर धूळ.

"काढणारच होतो तुम्हाला," ते म्हणाले. "पण ही जागा रिकामी आहे. इथे कोणी टिकत नाही. दिवसभर माणूस म्हणून दिसत नाही ना."

"आणि नोकरी?"

"कायम. इथे तुमच्या हातून काही बिघडायचं नाही. गठ्ठ्यांना काही होत नाही."

ते गेले. आई स्टुलावर बसली.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुझी शाळा राहिली." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बरंच झालं." आणि मग ती समोरच्या फळीकडे नुसती बघत राहिली. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

भिंगरीने आईकडे बघितलं. मग ती उठली आणि तिने खालच्या फळीवरच्या एका गठ्ठ्याच्या धुळीत बोटाने दोन डोळे आणि एक तोंड काढलं. शेजारच्या गठ्ठ्यालाही काढलं. असं करत ती फळीच्या टोकापर्यंत गेली. शेवटच्याचं तोंड तिने उलटं काढलं, रडकं. थोडा विचार केला, आणि तो गठ्ठा दोन्ही हातांनी ओढत, फरफटत आणून सगळ्यांच्या पुढे, आईच्या पायाशी ठेवला.