हकीकत पैलकोटच्या पटाची आणि विलायती शब्दांची

श्रीवाग्देवतेचे चरणी मस्तक ठेवोन, आणि वाचणारांनी घटकाभर स्वस्थ बसावे ऐसी विनंती करोन, हकीकत लिहिली जाते. शके सतराशे एक्कावन, विरोधी नाम संवत्सर, ते समयी एक राज्य होते. नदीचे अलीकडे थोरला कोट, पलीकडे पैलकोट. थोरल्या कोटात महाराज राहत आणि पैलकोटात राणीसाहेब. पूर्वी दोघे एके ठिकाणीच होती. मग एके दिवशी सारीपाट मांडिला असता महाराजांचे दान हलके पडले आणि महाराज बोलिले, "फासा गालिच्यास अडखळला, पुन्हा टाकितो." राणीसाहेब बोलिल्या, "गालिचा माझे बाजूसही तोच आहे." महाराज बोलिले, "राज्य कोणाचे?" तेव्हां राणीसाहेब उठल्या आणि "राज्य आपले, पट माझे माहेरचा," ऐसे म्हणोन पट गुंडाळोन नावेत बसल्या. महाराजांस अन्न गोड लागेना म्हणोन त्यांनी आधी आचारी बदलिला, आणि तरीही लागेना तेव्हां जासूद सटवाजी यास पाठविले की, डाव अर्धा राहिला आहे, मोडू नये. राणीसाहेबांनी उत्तर दिले, "दान पाठवावे." सोंगट्या कोठे होत्या ते दोघांसही मुखोद्गत होते. मग महाराजांनी दुसरा पट शिवविला, आणि नित्य सकाळी एके कोटात फासे पडावे, सटवाजीने दाराबाहेर उभे राहोन दान ऐकावे आणि नाव घेऊन पलीकडे सांगावे, ऐसे चालिले. नदीस पूर येऊन ओसरला तरी डाव सरेना. त्या राज्याची चाल ऐसी की, हरेल त्याने जिंकणाराचे घरी जाऊन आपले हाते पट उचलावा. महाराज हरले आणि आले नाहीत तर काय, हे भय पैलकोटी होते. थोरल्या कोटी काय होते ते पुढे कळेल.

ऐशात टोपीकरांचा वकील हारकिन साहेब दरबारी आला. माणूस वाईट नव्हता, उन्हाने लाल झाला होता एवढेच. तो बोलिला की, वरून विचारणा आहे, राजा आणि राणी सेपरेट आहेत किंवा कसे. सेपरेट असतील तर पैलकोट आमचे देखरेखीत घ्यावा आणि राणीसाहेबांस तनख्याची नेमणूक बांधोन दूर शहरी रवाना करावे. दुसरा शब्द लिहिला तर कोणी हात लावणार नाही. मग दुभाषी आवडाबाई हिजकडे वळोन बोलिला, "शब्द तुम्ही सांगा, मी लिहितो. मात्र खोटा सांगू नये. दसऱ्यास येतो." महाराज खाली गालिच्याकडे पाहत राहिले. आवडाबाई राजजोशांची लेक. बापापासोन ग्रहगणित शिकली, पुढे विलायती भाषा शिकली, आणि लहानपणी राणीसाहेबांबरोबर एके पाटीवर धुळाक्षरे गिरविली होती. तिने कधी खोटे ग्रहण सांगितले नव्हते आणि खोटा शब्दही सांगणार नव्हती. परंतु राणीसाहेब दूर शहरी गेल्या तर तिचे या राज्यात आपले ऐसे कोणी उरत नव्हते.

दसरा उगवला तेव्हां भल्या सकाळी ती नावेत बसोन पैलकोटी निघाली. वाटेत सटवाजी कपाळास हात लावोन बोलिला, "बाई, असले करंटे फासे मी जन्मात पाहिले नाहीत. इकडेही तीन काणे, तिकडेही तीन काणे! दोन्ही कोटांस कोणाची नजर लागली आहे. उतारा टाकावा काय?" तीन काणे म्हणजे तीनही फाशांवर एकेक, सर्वांत हलके दान. आवडाबाईने विचारिले, "पौबारा कधी नेलेस?" "पौबारा? तो शब्द उच्चारावयास माझी जीभ विसरली." पाण्याकडे पाहत असता आवडाबाईचे मन हिशेब करू लागले. फासा हाडाचा, तो कोणाचा चाकर नव्हे आणि वैरीही नव्हे. पुष्कळ टाकिला तर हलके आणि भारी मिसळोनच पडणार. एकीकडे नित्य हलके पडावे हेच नवल, मग दोहींकडे कैसे पडते?

राणीसाहेब पटाशी बसल्या होत्या. त्यांची शेवटची सोंगटी घराचे तोंडाशी होती. आवडाबाईने वकिलाची विचारणा सांगितली आणि मग त्या भाषेतील शब्द एकेक करोन पुढे ठेविले. राणीसाहेब बोलिल्या, "सेपरेट म्हणजे आमचे ताक आणि लोणी की काय?" "होय बाईसाहेब. एकदा निघाले की पुन्हा ताकात मिसळत नाही ते." "मग तो नको. दुसरा?" "डिस्टंट. हा कोसांचा शब्द. परंतु मनुष्यास लाविला तर बर्फासारखा लागतो." "तो तर परवाचे त्यांचे निरोपास लाव. नुसते दान! बरी आहेस का, एवढेही नाही." आवडाबाई हसली आणि बोलिली, "अलूफ म्हणून एक आहे. जवळ बसोन लांब राहणारा." "तो माझा दीर," राणीसाहेब बोलिल्या. मग अलोन आणि लोनली यांत फरक काय ऐसे विचारिले. आवडाबाई बोलिली, "अलोन म्हणजे मोजणीस एक. लोनली म्हणजे ती मोजणी काळजास कळली." राणीसाहेबांनी तिजकडे पाहिले. "आवडे, तू यांतली कोण?" "मी अलोन. लोनली केवळ ग्रहणाचे दुसरे दिवशी. सांगितले तसे घडले, हे सांगावयास कोणी नसते तेव्हां." राणीसाहेबांनी तिचा हात धरिला आणि सोडिला नाही. "आणि मी?" "अपार्ट म्हणावे ऐसे वाटते. जे एके ठिकाणी होते तेच अपार्ट होऊ शकते. दोन अनोळखी माणसे होऊ शकत नाहीत."

इतक्यात दाराबाहेर सटवाजी खाकरला. राणीसाहेबांनी फासे टाकिले. एक, सहा आणि सहा. पौबारा. सोंगटी घरात जाऊन डाव संपावा ऐसे दान. राणीसाहेब डोळा न हलविता बोलिल्या, "सटवाजी, तीन काणे सांग." आवडाबाईने चटकन हात वर करोन, "सटवाजी, थांब," म्हटले आणि हळू बोलिली, "बाईसाहेब, महाराजांसही तीन काणेच पडतात." "नशीब त्यांचे." "नशीब इतके नेमाचे नसते. ते डाव सरू देत नाहीत. आपण देत नाही तैसेच, आणि त्याच भयाने." राणीसाहेबांचा चेहरा उतरला. "तू पाहिलेस?" "पाहिले नाही. हिशेब केला." "आणि तुझा हिशेब चुकला, ते आले नाहीत, तर आज दसरा आहे. तो लालतोंड्या ताक-लोणी लिहोन नेईल. तुझे हिशेबावर मी माझा संसार लावू?" आवडाबाई बोलिली, "गेल्या ग्रहणास मी वेळ सांगितली तेव्हां आपण आकाशाकडे न पाहता स्नानाचे पाणी तापत ठेविले होते." राणीसाहेबांनी त्या तीन फाशांकडे पाहिले. मग पदर सारखा केला, आणि मोठ्याने बोलिल्या, "सटवाजी, पौबारा पडले. जे पडले ते सांग." बाहेर सटवाजीचे हातोन काठी पडली.

आवडाबाई त्याच नावेने परतली. थोरल्या कोटात दरबार भरला होता आणि हारकिन साहेब दौत उघडोन बसला होता. सटवाजीने पौबारा सांगितले. महाराज बोलिले, "पुन्हा सांग." त्याने पुन्हा सांगितले. महाराजांचे मुख प्रथम फिके पडले, आणि मग लहान मुलाचे उजळावे तैसे उजळले. "आम्ही हरलो," ऐसे म्हणोन उठले. पगडी गादीवरच राहिली. कारभारी पगडी घेऊन मागे धावले की, उघडे मस्तके कोठे जाता? महाराज न थांबता बोलिले, "पट उचलणे आहे. आणि तो गालिचा जाळोन टाका, त्यास कोणी अडखळत नाही." आणि नावेत बसोन पलीकडे गेले.

साहेब सज्ज्यावर येऊन आवडाबाईशेजारी उभा राहिला आणि विचारिले, "आता काय लिहू?" आवडाबाई बोलिली, "सकाळी अपार्ट सांगणार होते. नाव परत येईतो थांबावे." दोघे थांबली. ऊन कलले, आपट्याची पाने वाटोन झाली आणि नाव पैलतीरीच बांधलेली दिसत होती. मग साहेबाने दौतीस बूच लाविले आणि मोडक्या मराठीत बोलिला, "आमची मडम विलायतेत. लई साल. मी कोण? सेपरेट?" आवडाबाईने त्याजकडे पाहिले. तिला पहिल्यानेच वाटले की हिशेब खरा जाहला तो सांगावयास आज शेजारी कोणी आहे. ती बोलिली, "साहेब, दान पाठवीत असा. खोटे पाठविले तरी चालते."

येणेप्रमाणे पैलकोट राहिला, राणी राहिली, आणि वकिलाचे कागदी शब्दाची जागा कोरी राहिली. पट दुसरे दिवशीही उचलिला नव्हता. नवा डाव मांडिला होता. हे घडले तैसे लिहिले.