दहा मिनिटं पुढे

रविवारी दुपारी ठकू झोपली तशी तिच्या आईने नवऱ्याबरोबर बसून संसार कागदावर मांडला. पुठ्ठ्यावर सात रकाने आखले. भाजी कोण चिरणार, कपडे कोण वाळत घालणार, वाळलेले कोण काढणार, आणि काढलेल्या कपड्यांचा ढीग खुर्चीवर आठवडाभर मुक्काम ठोकणार नाही याला जबाबदार कोण. सगळ्यात वर, लाल पेनाने, एकच ओळ : ठकू, पाळणाघर, साडेआठ.

त्या ओळीवरच सगळं अडलेलं होतं. पाळणाघराचं फाटक साडेआठला बंद व्हायचं. उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे तिथल्या मावशी वहीत लाल फुली मारत, आणि तिसरी फुली पडली की जागा दुसऱ्या मुलाला. ठकूच्या नावापुढे दोन झाल्या होत्या. अकरा मुलं रांगेत होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, ती प्रयोगशाळेत रक्त तपासायची. चार वर्षांची पोर काखोटीला मारून दोघांनाही काम करता येणार नव्हतं. जागा गेली तर एकाला घरी बसावं लागणार, आणि तो ‘एक’ कोण हे कुठल्याच तक्त्यात लिहावं लागत नाही. तिला ते न लिहिताही वाचता येत होतं.

“आणि सकाळी मोबाइलला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “तू तो घेऊन आत गेलास की वीस मिनिटं बाहेर येत नाहीस.”

“आणि तू गॅस बंद आहे का बघायला दारातून तीनदा परत जायचं नाही.”

“दोनदा.”

“स्वयंपाकघरातलं घड्याळ सांगेल ती वेळ. कबूल?”

“कबूल.”

संध्याकाळी तो केर टाकायला खाली गेला, तेव्हा तिने स्टुलावर चढून घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. सांगितलं असतं तर त्याने दहा मिनिटं जास्त आंघोळ केली असती. मग ती ठकूला न्हाऊ घालायला गेली, तेव्हा त्यानेही ते दहा मिनिटं पुढे केलं. सांगितलं असतं तर ती गॅस चौथ्यांदा बघून आली असती.

सोमवारी घड्याळात सव्वाआठ होताच तिघं स्कूटरवर निघाली. दहा मिनिटांत पाळणाघर गाठलं, तर फाटकाला भलंमोठं कुलूप.

“संपलं,” ती म्हणाली. “जागा गेली आपली.”

“अगं थांब, घंटा तर वाजवू—”

“कशाला? तिसऱ्या फुलीची पावती घ्यायला?”

तेवढ्यात कोपऱ्यावरून मावशी किल्ल्यांचा जुडगा वाजवत आल्या. “अगं बाई! आज काय झोपलाच नाहीत वाटतं?”

नवऱ्याने मोबाइल काढला. आठ वाजून पाच.

 तिने मनातल्या मनात हिशेब केला : दहा मिनिटं माझी, वरची दहा घड्याळाची. बिघडलंय मेलं. त्यानेही तोच हिशेब केला, फक्त लिफ्टवाल्याच्या भाषेत : जुनं यंत्र, धावणारच. त्या संध्याकाळी तो वाळलेले कपडे काढत असताना तिने घड्याळाची वरची दहा मिनिटं उतरवली. ती ठकूला गोष्ट सांगत असताना त्यानेही वरची दहा मिनिटं उतरवली.

आता घड्याळ अगदी बरोबर होतं. फक्त ते बरोबर आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मंगळवारची सकाळ त्यांच्या लग्नातली सगळ्यात शांत सकाळ होती. सव्वाआठ वाजले, तरी कोणी कोणावर ओरडलं नाही. मनात दोघांच्याही आठ-पाच. तो चक्क खुर्चीत बसून चहा प्याला. तिने ठकूची वेणी सोडून पुन्हा घातली, कधी नव्हे ती सरळ. गॅस तीनदा बघितला.

“किती छान चाललंय ना तक्त्यामुळे?” तो म्हणाला.

“हो ना,” ती म्हणाली, आणि तिला त्याची थोडी दयाच आली.

घड्याळात आठ-पंचवीस झाले तेव्हा तिघं निघाली. सिग्नलला सवयीने तिने मोबाइल पाहिला.

“अरे, आठ-बत्तीस!”

“शक्यच नाही. मी घड्याळ दहा मिनिटं पुढे—” तो थबकला.

“तू? अरे, मी केलं होतं!”

“मग काल संध्याकाळी मागे कोणी केलं?”

“मी!”

“मी पण!”

मागचा रिक्षावाला ओरडला, “हिरवा झालाय, घरी जाऊन भांडा!”

पाळणाघराच्या दारात ती ठकूला कडेवर घेऊन उभी राहिली तेव्हा आठ-सदतीस झाले होते.  प्रयोगशाळेतल्या खुर्चीवर उद्या कोण बसेल, हेही तिने वाटेत ठरवून टाकलं होतं. मावशींनी वही उघडली, भिंतीकडे पाहिलं आणि निळ्या पेनाने लिहिलं : वेळेवर.

भिंतीवरच्या घड्याळात आठ-सत्तावीस झाले होते.

नवऱ्याने तिच्या पायावर पाय दिला. पण तिच्याने राहवेना. “मावशी, तुमचं घड्याळ मागे आहे.”

“मुद्दाम ठेवलंय,” मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या. “माझा थोरला एवढा होता ना, तेव्हा एका बाईने माझ्या तोंडावर दार लावलं होतं. दोन मिनिटांसाठी. माझी नोकरी गेली. तेव्हापासून दहा मिनिटं मागे. पण बोलू नका हो कुठे. कळलं की लोक ती दहा मिनिटंही धरून चालतात.”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “छे हो मावशी, आम्ही कशाला—”

“आई,” कडेवरून ठकूने खणखणीत आवाजात विचारलं, “म्हणजे उद्या मी अजून झोपू?”

 मावशींनी ठकूकडे पाहिलं, मग तिच्या बाबाकडे. तो नेमका त्याच क्षणी छताकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होता. मावशींनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, घड्याळाखाली नेलं आणि त्या वर चढल्या.

दोघं जिना उतरली. खाली स्कूटरपाशी बराच वेळ कोणी किल्ली लावेना.

“आता गं?” त्याने विचारलं.

“आता काय! घरी जाऊन घड्याळ दहा मिनिटं पुढे करायचं.”

“कोणी?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तक्त्यात तेवढा एक रकाना राहिला होता.