आबारावांचे आठ दिवे

एका जंगलात एक घाट होता. घाट म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, मुलांनो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये सगळ्यांनी विसरलेला रस्ता.

त्या घाटात रोज धुकं उतरायचं. तरी अपघात होत नसत. कारण समोरून गाडी आली, की प्राणी आपल्या गाडीचे दिवे खाली करत. याला ते 'डिपर देणं' म्हणत. नीट ऐका हं. देणं.

मग रानडुक्कर आबाराव जंगलाचे अध्यक्ष झाले. नवी जीप घेऊन ते साळिंदर निवृत्तीमामांकडे आले. जंगलातल्या गाड्यांचं वायरिंग मामाच करत.

"मामा, पुढे आठ जादा दिवे लावा. मोठे."

"लावतो की. रिले टाकतो, फ्यूज टाकतो आणि डिपरला जोडून देतो. तुम्ही डिपर दिलात, की हे आपोआप विझतील."

आबारावांचे सुळे थरथरले. "विझतील? समोरून ससा आला तरी?"

"त्यालाही वाट दिसायला नको का, साहेब?"

"अध्यक्षाने सशापुढे मान खाली घालायची? डिपरला जोडायचं नाही!"

"बरं. मग निदान वेगळा स्विच..."

"स्विच कशाला असतो?"

"बंद करायला."

"आपल्याला बंद करायचेच नाहीत. थेट बॅटरीला जोडा."

हे चूक आहे, हे मामांना कळत होतं. शहाण्यांना नेहमीच कळतं, मुलांनो. ते फक्त नीट जोडून देतात.

आता दिवे विझेनात. इंजिन बंद केलं की बॅटरी उतरायची. म्हणून इंजिनही बंद करता येईना. आबाराव जेवायला बसले तरी जीप दारात घुरघुरत उभी. जंगलाने त्याला 'कामाचा धडाका' असं नाव दिलं.

महिन्याभरात कोल्ह्याने तसेच दिवे लावले. मग तरसाने. गाडी नसलेल्या दोन माकडांनी ते हेल्मेटला लावले. डिपर देणं संपलं. समोरच्याचे डोळे दिपवायचे, याला आता 'डिपर मारणं' म्हणू लागले.

साधे दिवे एकीचेच राहिले. भेकर सुलभाताई जंगलाची रुग्णवाहिका चालवायच्या. त्या सभेत उठून म्हणाल्या, "अहो, मला रस्ताच दिसत नाही. मागे पेशंट कण्हतोय आणि मी वळणावर डोळे चोळत बसलेय."

"ताई, नंबर वाढला असेल. चष्मा बदला," आबाराव म्हणाले. सभा पोट धरून हसली.

एका संध्याकाळी धुक्यात कोल्ह्याची जीप आबारावांच्या समोर आली. आठ दिवे इकडे, आठ तिकडे. कोणालाच काही दिसलं नाही. आबाराव जीपसकट चरात गेले. पाय खाली चेंगरला. रक्त थांबेना.

बातमी पसरली. चाळीस कार्यकर्ते चाळीस जीपगाड्या घेऊन मदतीला धावले आणि रस्त्यावर ओळीने उभे राहिले. कोल्होबा तर सगळ्यांत पुढे.

खालून सुलभाताई आल्या. शेवटच्या वळणावर त्यांच्यासमोर एकदम दिव्यांची पांढरी भिंत उभी राहिली. डावीकडे दरी. त्यांनी ब्रेक दाबला. डिपर दिला. पुन्हा दिला. उतरून चालत जावं, तर स्वतःचे खूरही दिसेनात.

"बंद करा रे दिवे!" चरातून आबाराव ओरडले. "तिला वाट दिसू द्या! डिपर द्या!"

"साहेब, डिपरला जोडलेलेच नाहीत."

"मग स्विच दाबा, गाढवांनो!"

"स्विच ठेवायचा नाही, असं तुमचंच धोरण आहे, साहेब."

निवृत्तीमामा दहा नंबरचा पाना घेऊन निघाले. एकेक बॉनेट उघडायचं, बॅटरीवरून दिव्यांची तार सोडवायची. चाळिसावी जीप विझायला तास लागला. आबाराव वाचले. पाय वाचला नाही.

चौकशी समिती बसली. अहवाल आला. रुग्णवाहिकेचे दिवे कमी पडले, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. म्हणून तिला बारा जादा दिवे मंजूर झाले. परवानगीवाचून लोकांची बॉनेटं उघडल्याबद्दल मामांना नोटीस आली.

दिवे बसवायच्या दिवशी आबाराव कुबडी टेकत स्वतः हजर होते.

"मामा, जोडणी कशी करताय?"

मामांनी खिशातली नोटीस चाचपली.

"तुम्ही सांगाल तशी, साहेब."

तात्पर्य: समोरून येणाऱ्याला वाट दिसू देऊ नये. न जाणो, तो आपल्यालाच वाचवायला निघालेला असायचा.